सागवानाचा बाक उलटा करून बघा: नागपूरच्या अंगणासाठी टिकाऊ फर्निचर निवडताना

आमच्या गच्चीवर सागवानाचा एक बाक होता. त्याचा उजवा पाय शेवटपर्यंत ठणठणीत राहिला, डाव्या पायातून मात्र तिसऱ्या पावसाळ्यात पिठासारखा भुसा गळायला लागला. बाक एकच, पॉलिश एकच, ऊनपाऊसही तोच. दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रींनी पटाशीनं पॉलिश खरवडलं आणि मला खाली बसायला लावून दाखवलं. उजवा पाय आतपर्यंत तपकिरी होता, डाव्याची अर्धी जाडी पांढरट. "ताई, सागवान तं सागवानच आहे," ते म्हणाले, "पण पांढरं किती आहे ते नाही पाह्यलं न तुम्ही."

दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी विचारलं होतं, "सागवान आहे ना?" तो म्हणाला होता, "शंभर टक्के." प्रश्नच अर्धवट होता. पुढच्या खेपेला एक बाक, दोन खुर्च्या आणि एक टेबल त्याच मिस्त्रींकडून करून घेतलं, त्यासाठी लकडगंजच्या, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजाराच्या, चार-पाच चकरा मारल्या. त्यात जे कळलं ते ज्या क्रमानं कामाला येतं त्याच क्रमानं लिहिते आहे. तयार फर्निचर घेणार असाल तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात.

आधी जागा, मग लाकूड

नागपुरात बाहेर ठेवलेल्या लाकडाला वर्षभरात तीन वेगवेगळ्या गावांत राहावं लागतं. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास आणि दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी. जून ते सप्टेंबरात वर्षभराचा, म्हणजे हजार मिलिमीटरच्या वरचा, बहुतेक पाऊस. मग डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांपर्यंत उतरणाऱ्या रात्री. लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं. आपल्या उन्हाळ्यात त्यातला ओलावा ५-६ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, भर पावसाळ्यात १५च्या पुढे जातो. म्हणजे तुमची खुर्ची दर वर्षी एकदा फुगते आणि एकदा आक्रसते. हे एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

जागा बघताना तीन गोष्टी तपासा. पहिली, पश्चिमेचं ऊन. दुपारी दोन ते सहा थेट ऊन पडणाऱ्या ठिकाणी मेमध्ये तुम्ही स्वतःच बसणार नाही, मग फर्निचर तिथे कशाला तापवायचं? दुसरी, कूलर. ही चूक मी स्वतः केली आहे. खिडकीतल्या कूलरखाली खुर्ची ठेवली, चार महिने तिच्या एका हातावर थेंब पडत राहिले. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं लाकडावर पांढरा थर चढला, आणि एक बाजू सतत ओली, दुसरी कोरडी, त्यामुळे हाताची पट्टी होडीसारखी वाकली. कूलरपासून किमान चार-पाच फूट लांब.

तिसरी गोष्ट माती. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आक्रसते. त्या मातीवर थेट ठेवलेला बाक पहिल्याच पावसाळ्यात कलतो, आणि वाळवीला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत उधईला, पायांतून सरळ रस्ता मिळतो. चार पायांखाली चार फरश्या ठेवून भागत नाही, प्रत्येक फरशी आपापल्या दिशेनं तिरपी होते. वीतभर माती काढून मुरूम टाका, धुमसून घ्या, आणि त्यावर एकसंध फरशी किंवा पेव्हर बसवा.

सागवान का, आणि त्यातलं नेमकं काय

सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलं आणि राळेसारखी द्रव्यं असतात. त्यातलं टेक्टोक्विनोन हे वाळवीला आणि बुरशीला मानवत नाही. तेलकटपणामुळे पाणी पटकन आत शिरत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साग कमी हलतो: ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेनं साधारण ५ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के आक्रसतो. पुष्कळशी इतर लाकडं याच्या दीडपट-दुप्पट आक्रसतात.

पण हे सगळं गाभ्याचं कौतुक आहे. सालीलगतच्या फिकट पट्ट्यात ही द्रव्यं नसतात, उलट किड्यांना आवडणारा स्टार्च असतो. लाकडाच्या टिकाऊपणाच्या युरोपीय वर्गवारीत जुन्या सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो, आणि कुठल्याही झाडाचा, सागाचासुद्धा, सालीकडचा भाग शेवटच्या वर्गात. माझ्या बाकाच्या दोन पायांमध्ये हेच अंतर होतं. कोवळ्या झाडात पांढऱ्याचं प्रमाण जास्त, म्हणून पंधरा-वीस वर्षांच्या लागवडीतला साग आणि साठ वर्षांचा साग यांना एकच नाव असलं तरी बाहेर ठेवायला ते दोन वेगळे माल आहेत.

लकडगंजमध्ये शिरलात की पहिल्यांदा ऐकू येतं 'सीपी'. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. नागपूर ज्याची राजधानी होतं तो प्रांत गेला, नाव लाकडाला चिकटून राहिलं. आलापल्ली, बल्लारशा, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा आणि मध्य प्रदेशातल्या जंगलांचा साग या नावानं विकला जातो. रंग गडद, रेषा जवळ जवळ, गाठी थोड्या जास्त. दिल्लीतल्या नव्या संसद भवनात नागपूरहून गेलेलं सागवान आहे, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून लाकूड रवाना झालं. हे दुकानदार तुम्हाला न विचारता सांगेलच. पण त्याच्या दुकानातली फळीही त्याच जंगलातली आहे, असं त्यावरून ठरत नाही.

दुसरं नाव 'बर्मा'. लांबसडक, सरळ रेषांचं, गाठी नसलेलं. म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि २०२१च्या लष्करी सत्तांतरानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिका आणि युरोपीय संघानं निर्बंध घातले. त्यामुळे 'ताजा बर्माचा ओंडका आलाय' असं कुणी म्हटलं तर मी चहा पिऊन पुढच्या दुकानात जाते. तिसरा माल आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींचा. तो वाईट असतोच असं नाही, पण बहुतेक कमी वयाचा, म्हणून त्यात पांढरं जास्त शोधावं लागतं. आणि नावात नुसतं 'टीक' असलं म्हणून ते सागवान होत नाही. 'आफ्रिकन टीक' म्हणून इरोको नावाचं वेगळंच लाकूड विकलं जातं.

घराजवळचा, कागदपत्रं असलेला सीपी साग मिळत असेल तर माझी पसंती त्यालाच. गाठी असू देत. समुद्र ओलांडून आलेल्या लाकडापेक्षा दोनशे किलोमीटरवरून आलेलं लाकूड कधीही बरं.

दुकानात गेल्यावर

पहिलं काम: फर्निचर उलटं करा. दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघू नका. एकानं मला तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, खालून कोण बघते?" उधई बघते, दुसरं कोण. वरून दिसणाऱ्या पट्ट्या नेहमीच चांगल्या निवडलेल्या असतात. पांढरं लाकूड जातं सीटखालच्या आडव्या पट्ट्यांत, मागच्या पायांच्या आतल्या बाजूला आणि पाठीच्या खालच्या पट्टीत.

पॉलिश गडद असेल तर खालच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोटभर भाग सँडपेपरनं घासून दाखवायला सांगा. तयार नसेल तर तिथूनच परत फिरा. घासलेली जागा सोनेरी ते तपकिरी दिसली पाहिजे. ताजा कापलेला साग कधीकधी हिरवट-मळकट आणि पट्टेरी दिसतो, उजेडात काही दिवसांत एकसारखा होतो, त्याला घाबरू नका. पिवळट-पांढऱ्या कडेला मात्र घाबरा. आतल्या कपाटात अर्धा इंच पांढरं चालून जाईल. बाहेरच्या फर्निचरच्या पायात आणि सांध्यात मी अजिबात चालवून घेत नाही.

मग फळीचं कापलेलं टोक बघा. सागात दर वर्षीच्या वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, नुसत्या डोळ्यांनी दिसते. हा साग ओळखण्याचा बऱ्यापैकी भरवशाचा मार्ग आहे. रबरवुड किंवा आंब्याच्या लाकडाला सागाचा रंग दिला तरी टोकाला ही रांग उमटवता येत नाही. टोकाला जाड रंग किंवा भुसा-गोंदाचं भरण थापलेलं असेल तर त्याखाली काय आहे ते विचारा. वर्तुळं दाट म्हणजे लाकूड भक्कम, असं बरेच जण ठामपणे सांगतात. ते अर्धंच खरं. सागात भरभर वाढलेलं झाडही मजबूत असू शकतं. टिकण्याचा प्रश्न वर्तुळांच्या दाटीचा नाही, गाभ्याच्या प्रमाणाचा आहे.

वासाचाही उपयोग होतो. ताज्या घासलेल्या सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला मेणचट लागतो. पाण्याचा थेंब टाकून दाखवायची करामत फसवी, पॉलिश केलेल्या कुठल्याही लाकडावर थेंब मोत्यासारखा उभा राहतो.

आणि वजन. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं. पाच फुटी तिघांच्या बाकात दोन घनफूट लाकूड असतं, म्हणजे बाक ३५-४० किलोंचा झाला पाहिजे. दुकानातला पोट्ट्या तो एका हातानं उचलून दाखवत असेल तर लाकूड एकतर बारीक आहे किंवा सागवान नाही.

कागद मागायची लाज वाटू देऊ नका

शाश्वत लाकूड म्हणजे काय, यावर लांबलचक व्याख्या आहेत. ग्राहकाच्या हातात त्यातला एकच तुकडा असतो: हे झाड कायद्यानं तोडलंय का? महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली साग येतो, अगदी शेतकऱ्याच्या बांधावरचा असला तरी तोडायला परवानगी लागते. तोडलेलं लाकूड रस्त्यावरून न्यायला वाहतूक परवाना लागतो, बाजारात त्याला सगळे 'टीपी' म्हणतात. ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची निशाणी असते. डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी परवान्याची ऑनलाइन व्यवस्थाही आली आहे.

तयार खुर्चीसोबत टीपी तुमच्या हातात येत नाही. पण फळ्या विकत घेताना किंवा सुताराकडून करून घेताना दोन गोष्टी विचारता येतात: लाकूड कुठल्या डेपोतून किंवा लिलावातून आलं, आणि पक्कं बिल मिळेल का, ज्यावर 'सागवान', घनफूट आणि दर लिहिलेला असेल. सरकारी लिलावातलं लाकूड घेणारा व्यापारी हे अभिमानानं सांगतो. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र वन विकास महामंडळाचे डेपो आहेत, वनखात्याचे स्वतःचे आहेत. "तुम्हाला लाकडाशी मतलब की कागदाशी?" असं उत्तर आलं तर तेही उत्तरच आहे. आयात मालाला एफएससीचं, म्हणजे जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, प्रमाणपत्र असल्याचं सांगत असतील तर नुसतं चिन्ह बघू नका. त्यासोबत परवाना क्रमांक असतो, तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

जुन्या घराचं लाकूड

इतकं सांगून झाल्यावर कबूल करते, माझ्या बाकाचे चारही पाय नव्या लाकडाचे नाहीत. महाल-इतवारीकडची जुनी घरं पडताना तुळया, खांब, दारांच्या चौकटी निघतात. शहरात जुनं लाकूड विकणारे आहेत, बाहेर ठेवलेल्या ढिगाऱ्यावरून ओळखू येतात. ऐंशी-शंभर वर्षं घरात राहिलेलं हे लाकूड वाळलेलं असतं, जेवढं वाकायचं फाटायचं तेवढं होऊन गेलेलं असतं, आणि पांढरं असलंच तर किड्यांनी कधीच खाऊन साफ केलेलं असतं. नवं झाडही तोडावं लागत नाही.

त्रास दोन. एक, आत रुतलेले खिळे. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा. आरामशीनवाले असं लाकूड चिरायला कुरकुर करतात, पातं तुटतं, आणि तेही बरोबरच आहे. दोन, जुना ऑइलपेंट. त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही. मिस्त्रींनी आमच्या खांबाचा वरचा अर्धा इंच सरळ कापूनच काढला. आतून जे निघालं ते बघून ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, नुसता हात फिरवत होते.

घनफुटाचा हिशेब स्वतः करा

लाकूड घनफुटावर विकलं जातं आणि घोळ तिथेच होतो. चिरलेल्या लाकडाचं सूत्र सोपं आहे: लांबी फुटांत, रुंदी इंचांत, जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४नं भागा. सहा फूट लांब, चार इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे ३६ भागिले १४४, पाव घनफूट. गोल ओंडक्याला घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात आणि लांबीनं गुणतात. त्यात वाया जाणारं लाकूड आधीच धरलेलं असतं, म्हणून गोल लाकडाचा दर आणि चिरलेल्याचा दर एकमेकांशी ताडून बघू नका.

आमच्या पाच फुटी बाकाला तयार मापानं दोन घनफूट लागले. कापणी, रंधा आणि टाकाऊ पांढरं धरून मिस्त्रींनी पावणेतीन मागितले, आणि ते रास्त होतं. चार घनफूट सांगणारा सुतार उरलेल्या लाकडाचं काय करणार, ते विचारून घ्या. भावात मी इथे शिरत नाही, तो प्रतीनुसार आणि महिन्यानुसार बदलतो. फक्त एक करा: दर विचारताना 'पांढरं काढून' की 'पांढऱ्यासकट', हे आधी ठरवा. त्या एका शब्दानं भाव बराच वर-खाली होतो.

वाळलंय का?

बाहेरच्या फर्निचरसाठी लाकडातला ओलावा १० टक्क्यांच्या आसपास, फार तर १२ हवा. दोन टोचण्यांचं मॉइश्चर मीटर मोठ्या व्यापाऱ्याकडे असतं. फळीच्या टोकाला नाही, मधोमध टोचायला सांगा, टोक नेहमीच जास्त कोरडं दाखवतं.

मीटर नसेल तर वेळेवर भरवसा ठेवा. पावसाळ्यात लाकूड घेऊन गणपतीत करून घेतलेलं फर्निचर मार्चपासून तडतडायला लागतं, रात्री गच्चीवरून आवाज येतात. दिवाळीनंतर लाकूड घ्या, फळ्यांच्या मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल अशी सावलीत रचून ठेवा, महिना-दीड महिन्यानं काम सुरू करा. संक्रांतीनंतर बनलेली खुर्ची उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सोसते, कारण ती दोन टोकांच्या मधल्या ओलाव्यावर बनलेली असते.

सांधे, स्क्रू, गोंद

लाकूड उत्तम आणि सांधा रद्दी असेल तर खुर्ची पाच वर्षांत डुगडुगते. पायाला आडवी पट्टी नुसती टेकवून स्क्रू मारलेला असेल, तर तो सांधा लाकडाच्या फुगण्या-आक्रसण्यानं दर वर्षी थोडा थोडा सैल होतो. हवा तो एकाचं निमुळतं केलेलं टोक दुसऱ्यातल्या खाचेत घट्ट बसवून वरून लाकडी खुंटी मारलेला. दुकानात तपासायचं असेल तर पाठीला धरून खुर्ची तिरपी दाबा आणि सांध्याकडे कान ठेवा. आवाज आला तर गोंद सुटलेला आहे.

साधे लोखंडी खिळे आणि स्क्रू नकोतच. सागातल्या टॅनिनशी लोखंडाची गाठ पडली की काळे डाग उतरतात. पितळ किंवा ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. इंटरनेटवर सगळीकडे ३१६ ग्रेड घ्या म्हणून सांगतात. तो सल्ला समुद्राकाठच्या लोकांसाठी आहे. नागपूरला खारा वारा नाही, ते पैसे लाकडात घाला. स्क्रूसाठी आधी ड्रिलनं भोक पाडून घ्यायला लावा, कडेजवळ साग पटकन फुटतो.

गोंदाची गंमत अशी की ज्या तेलामुळे साग टिकतो तेच तेल गोंदाला चिकटू देत नाही. रंधा मारल्या मारल्या, आणि जोडायच्या जागा थिनरनं पुसून लगेच जोडणं, हा त्यावरचा उपाय. गोंदाच्या डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं पाहिजे. आतल्या कामाचा साधा पांढरा गोंद दोन पावसाळ्यांत दुधासारखा होऊन बाहेर येतो.

टेबलाबद्दल एक हट्ट धरा: वरचा फळा सलग नको. ३० इंच रुंदीचा सलग जोडलेला फळा मे ते ऑगस्टमध्ये सेंटीमीटरभर रुंदावू शकतो, आणि खाली घट्ट स्क्रू मारलेले असतील तर तो वर फुगतो किंवा फाटतो. अडीच-तीन इंचांच्या पट्ट्या, मधे पाच-सहा मिलिमीटर फट. पाणी निथळतं, लाकडाला हलायला जागा मिळते. पोळ्यांचे तुकडे फटीत अडकतात, ते चिमण्या काढतात.

मापं थोडक्यात: सीट जमिनीपासून १६ ते साडेसतरा इंच, खोली १७-१८, सीटची मागची बाजू अर्धा-पाऊण इंच उतरती, हात सीटपासून आठ-नऊ इंच वर. पट्ट्या पाऊण ते एक इंच जाड. बाक चार फुटांहून लांब असेल तर मधे आधार हवाच. आजी-आजोबांसाठी असेल तर सीट साडेसतराच ठेवा आणि हात पुढपर्यंत आणा, उठताना त्यावरच जोर येतो.

पॉलिश लावायचं की नाही

इथे माझं मत बहुतेक दुकानदारांच्या उलट आहे. मेलामाइन आणि लाखेचं पॉलिश घराच्या आतलं. बाहेर लाखेवर पाणी पडलं की पांढरे डाग उठतात, मेलामाइनला उन्हानं तडे जातात आणि त्या तड्यांतून शिरलेलं पाणी थराखाली कोंडतं. बाहेरच्या कामाचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, बरं, पण आपल्या उन्हात तेही काही वर्षांत सोलवटतं, आणि मग सगळं खरवडून पुन्हा लावायचा खर्च येतो.

गाभ्याचं लाकूड असेल तर काहीच न लावणं हा पूर्ण वाढीचा पर्याय आहे. वर्षभरात ते चंदेरी-राखाडी होतं. तो रंग वरच्या पातळ थरापुरताच असतो, लाकूड आत तसंच राहतं. सोनेरी रंगच हवा असेल तर पातळ तेल लावा, वर्षातून एकदा, दिवाळीनंतर. एक हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा. कच्चं जवसाचं तेल स्वस्त म्हणून लावू नका, ते आठवडाभर चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि पावसाळ्यात काळी बुरशी येते. तयार मिळणारं 'बॉइल्ड' जवसाचं तेल किंवा टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) घ्या.

आणि तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडली की चिंधी आपोआप पेटू शकते. आपल्या उन्हाळ्यात तर वेगळं सांगायला नको. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा बाहेर दगडावर एकेरी पसरून वाळवा, मगच टाका.

लावायचंच असेल तर एक लेप सगळ्यांनी लावावा: पायांच्या तळाच्या कापलेल्या टोकांना. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच वर चढतं. इपॉक्सी किंवा वितळवलेलं मेण दोन-तीनदा मुरवा आणि खाली नायलॉनचे बूट बसवा.

वर्षभरात करायचं ते

फार नाही. पावसाळ्यात हिरवट शेवाळ धरलं तर मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी, रेषांच्या दिशेनं. गाडी धुवायचा प्रेशर पाइप मारू नका, मऊ भाग उडून रेषा उभ्या राहतात. लोखंडाचा काळा डाग पडला तर ऑक्सॅलिक ॲसिडच्या पातळ पाण्यानं निघतो, हातमोजे घालून, नंतर भरपूर पाण्यानं धुवून. ताडपत्री गुंडाळायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. तिच्या आत घाम सुटतो आणि उघड्यावर न आलेली बुरशी आत येते. झाकायचंच असेल तर वरून छपरासारखं, बाजू मोकळ्या. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, संपला की पहिल्या पावसाआधी एकदा नटबोल्ट तपासा. तेव्हा लाकूड सगळ्यात आक्रसलेलं असतं, म्हणून सैल दिसलं तरी पिळून आवळू नका, हातानं बसेल तेवढंच. जुलैत लाकूड उरलेलं काम स्वतः करतं.

नव्या बाकाला आता तीन पावसाळे झाले. पाठीची वरची पट्टी, जिथे पोरं पाय ठेवून चढतात, तेवढी अजून तपकिरी आहे, बाकी सगळा राखाडी. जुन्या बाकाचा डावा पाय बंबात गेला. उजवा मिस्त्रींनी मागून घेतला, त्याच्या मुठी केल्या, आणि त्यातली एक त्यांच्या रंध्याला बसवली.